आत दुमडलेले दोन इंच

सुभद्राक्का कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी उलटी करून बघायची. शर्ट असो, पिशवी असो, नाहीतर कँटीनच्या टेबलावरचं कापड असो. पुस्तकसुद्धा ती मागूनच उघडायची. आधी परिशिष्ट, मग तळटीपा, आणि त्यांत काही सापडलं तरच पहिलं प्रकरण. "वरून काय, सगळेच इस्त्री करून येतात की," ती म्हणायची. "आत टीप कशी पडलीय ते बघायचं."

मला मात्र तिनं कधी उलटं करून बघितलं नाही. मी तिच्या भाषेतला, म्हणून आपला, म्हणून तपासायची गरज नाही, असं तिनं धरून चाललेलं. त्याचा मी बारा वर्षं फायदा घेतला. तिच्याबद्दल मी एकदा एका गुप्त कागदावर तीन ओळी लिहिल्या होत्या, आणि त्या दुसऱ्याच माणसाच्या नावावर खपू दिल्या. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. आता सांगतो. पण आधी अक्का कोण ते सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं त्याचं वजन कळणार नाही.

बंगळुरात एक विद्यापीठ आहे. नाव घेतलं की समोरचा माणूस खुर्चीत जरा सरळ बसतो. तिथं नोकरीधंदा सांभाळून शिकणाऱ्यांसाठी अर्थशास्त्र आणि व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. वर्ग शनिवार-रविवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. मी तेव्हा पस्तिशीचा. पुण्याहून येऊन बेळ्ळंदूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत स्थिरावलेला, आणि इंजिनिअर असल्याचा माज पुरेपूर बाळगून असलेला. पहिल्या दिवशी प्रत्येकानं उभं राहून ओळख करून द्यायची होती. कुणी बँकेत उपाध्यक्ष, कुणी कुठल्याशा कंपनीत संचालक. मग पंचेचाळिशीची एक बाई उठली. सुती साडी, आणि गळ्यात मंगळसूत्रावरून शिंप्याची पिवळी टेप, घरून निघताना काढायची विसरलेली. तिनं तोडक्या पण ठाम इंग्रजीत सांगितलं की आपण चामराजपेटेत शाळांचे युनिफॉर्म शिवतो, अकरा मशीन आहेत. मग पहिल्या रांगेतल्या उपाध्यक्षांकडे वळून म्हणाली, "सर, तुमच्या मुलाचा उजवा खांदा खाली आहे. एकाच खांद्यावर दप्तर घेतो. त्याला सांगा."

उपाध्यक्ष मुलाला घेऊन कधीतरी तिच्याकडे माप द्यायला गेले होते. त्यांना ती आठवत नव्हती. तिला खांदा आठवत होता.

मधल्या सुट्टीत मी आईशी फोनवर बोलत होतो. फोन ठेवला तर ही समोर उभी.

"मराठी नव्हे? मग सांगायचं नाही होय? चल, डबा आणलायस का?"

"नाही, तुम्ही जेवा, मी—"

"अक्काला कोण रे तुम्ही म्हणतं? पुण्यात म्हणतात का? बस इथं. स्वल्प सरक."

तिचे पूर्वज तीनचारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर तंबू शिवायला इकडे आले आणि फौज परत गेली तरी शिलाई संपली नाही म्हणून राहिले, असं तिच्या घरात सांगत. तिचं मराठी ऐकून मला हसू यायचं. अर्धं कानडी, अर्धं कुठल्या काळातलं कोण जाणे. एकदा मी तिचं वाक्य दुरुस्त केलं. ती रागावली नाही. म्हणाली, "तुझं मराठी शांत खोलीतलं रे पुणेकर. आमचं अकरा मशीनच्या आवाजात बोलायचं. त्यात जे ऐकू जातं तेवढंच टिकलं."

विद्यापीठानं आमचे तिघातिघांचे गट पाडले. आमच्या गटात अक्का, मी आणि नवीन. नवीन बँकेत होता, वयानं सगळ्यात लहान, चामराजपेटेपासून दोन गल्ल्यांवर राहायचा. दर शनिवारी तो अक्काला स्कूटरवरून घेऊन यायचा आणि संध्याकाळी घेऊन जायचा. मागे बसून ती त्याला वाटेभर कानडीत शिव्या घालायची, कारण तो वळणावर वेग कमी करत नसे. दोघं हसतच उतरायची. घरात धाकटा भाऊ असावा तसा तो तिच्या दिमतीला असे.

गणित तिला यायचं नाही. म्हणजे व्यवहाराचं यायचं, आमच्यापेक्षा चांगलं. पण कलनशास्त्र तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. ते शिकवायचं काम माझ्याकडे आलं. तीन शनिवार मी जेवणाच्या सुट्टीत वक्ररेषा काढून एखाद्या बिंदूपाशी चढ किती हे समजावत होतो. ती नुसती बघत बसायची. चौथ्या शनिवारी तिनं पिशवीतून शिंप्याचा चपटा खडू काढला, फळ्यावर एक गोल उतार काढला आणि म्हणाली, "हा मुंढा. बाही जिथं खांद्याला लागते ती जागा. कापताना कात्री इथं अशी असते, इथं अशी, इथं आडवी होते. प्रत्येक ठिकाणी कात्रीचं तोंड कुठं आहे तेच तू विचारतोयस की नाही?"

मी म्हटलं, हो.

"मग एवढे तीन शनिवार खर्ची का घातलेस? आधी सांगायचं, कात्री म्हणून!"

तेव्हापासून विचार करताना ती उजव्या हाताची दोन बोटं हवेत कात्रीसारखी चालवायची. परीक्षेतही. पर्यवेक्षक चमकून बघायचे. त्या सत्रात अर्थशास्त्रात ती वर्गात तिसरी आली. मी सव्विसावा.

इथं मला खरं लिहायचं आहे. मला आनंद झाला नाही. मी टाळ्या वाजवल्या, जिलेबी आणली, आणि आतून जळलो. ज्या बाईला मी चढ म्हणजे काय हे शिकवलं ती पुढे गेली, यात मला माझा अपमान दिसला. तिथली गुणांची पद्धतही या जळण्याला खतपाणी घालणारी. तुम्हाला किती गुण पडले याला अर्थ नाही, इतरांच्या मानाने कुठे बसता त्यावर श्रेणी. वरच्या थोड्यांना उत्तम, खालच्या थोड्यांना 'क', मग सगळ्यांनी कितीही चांगलं लिहिलेलं असो. दोन 'क' पडले की अभ्यासक्रमातून बाहेर. अक्काला एक आधीच पडला होता, ज्या विषयात पानंच्या पानं इंग्रजी निबंध लिहायचे होते त्यात. मला हे ठाऊक होतं. गुणपत्रक तिनं पहिल्यांदा मलाच दाखवलं होतं. "आता एक पाय उंबऱ्याबाहेर आहे बघ," म्हणाली होती.

पुढच्या सत्रात गटाचा प्रकल्प होता. विषय अक्कानं दिला: शाळेचे युनिफॉर्म. सगळ्या शाळा, सगळे पालक मे महिन्यातच का धावत येतात, आणि त्या गर्दीचं काय करायचं. तिच्याकडे मुलांच्या मापांची जुन्या वह्यांची चळत होती. एकच मूल पहिलीत केवढं, तिसरीत केवढं, पाचवीत केवढं. नवीननं त्या वह्या बसून संगणकावर चढवल्या. मी आलेख काढले, इंग्रजी लिहिलं, सादरीकरण केलं. आणि पंधरा दिवसांत माझी खात्री पटली की प्रकल्प मीच केला आहे.

सत्राच्या शेवटी प्रत्येकाला एक कागद मिळे. गटातल्या उरलेल्या दोघांत शंभर गुण वाटायचे, कुणी किती काम केलं त्या मानानं, आणि खाली दोनतीन ओळींत कारण. कागद गुप्त. कुणी काय लिहिलं ते फक्त प्राध्यापकांना कळायचं. फुकट्यांना पकडायची ही युक्ती. तिच्यामागचा अर्थशास्त्रीय सिद्धांत आम्हाला त्याच सत्रात शिकवला होता.

मी नवीनला ऐंशी दिले, अक्काला वीस. खाली लिहिलं: हिचं इंग्रजी कच्चं आहे. माहिती घरच्या धंद्यातून आयती होती, विश्लेषण इतरांनी केलं. गटानं हिला ओढत आणलं.

दोन मिनिटंही लागली नाहीत. मी त्यानंतर डोसा खाल्ला, हेही आठवतं.

नियम असा होता की कुणाला एका जरी कागदावर इतके कमी गुण पडले तर त्या व्यक्तीनं एकटीनं दोन प्राध्यापकांपुढे प्रकल्पाची तोंडी परीक्षा द्यायची. गटातल्या इतरांनी खोलीत बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. ती उत्तरं देऊ शकली नाही तर 'क'. अक्काच्या बाबतीत 'क' म्हणजे घरी.

त्या दिवशी ती नवीनच्या स्कूटरवरूनच आली, पण हसत नव्हती. गळ्यात टेप नव्हती, हातात कापडी पिशवी होती. मी आणि नवीन मागच्या भिंतीला टेकून बसलो. नवीनचा पाय सारखा हलत होता. अर्थशास्त्राच्या सरांनी इंग्रजीत सुरुवात केली: "तुमच्या गटातल्या एका सहकाऱ्याच्या मते या प्रकल्पात तुमचं योगदान फारसं नाही. तुमचं म्हणणं?"

अक्कानं मागे वळून पाहिलं नाही. तिनं पिशवीतून शाळेची एक पँट काढली, टेबलावर ठेवली, आणि उलटी केली.

"सर, सगळा प्रकल्प इथं आहे," ती म्हणाली. तिचं इंग्रजी मी इथं सरळ मराठीत देतो. प्रत्यक्षात ते छोट्याछोट्या तुकड्यांचं होतं, पण एकही तुकडा फुकट नव्हता. "हे खाली आत दुमडलेलं कापड बघा. मुडप. सगळे अर्धा इंच ठेवतात. मी दोन इंच ठेवते. कमरेला मागे दीड. मूल वर्षात किती वाढतं ते माझ्या वह्यांत आहे. मे महिन्यात टाका उसवायचा, मुडप सोडायची, इस्त्री. दहा मिनिटांचं काम. आई घरी करते."

"म्हणजे एक पँट दोन वर्षं चालते."

"होय सर."

"मग गिऱ्हाईक तुमच्याकडे निम्म्या वेळा येणार." सर खुर्चीत मागे रेलले. त्यांना वाटलं सापडली. "धंद्याच्या दृष्टीनं हा तोटा नाही का?"

हा प्रश्न मी कधी स्वतःला विचारलाच नव्हता. माझ्या सगळ्या आलेखांत त्याचं उत्तर नव्हतं. अक्काची दोन बोटं हळूहळू हवेत चालायला लागली.

"सर, गिऱ्हाईक वर्षभर येत असतं तर तोटा. पण ते येतं मे महिन्यात. मेमध्ये माझी मशीन अकरा, आणि गर्दी बावीस मशीनची. आधी निम्म्यांना मी हात जोडून परत पाठवायचे. ते दुसरीकडे जायचे, पुन्हा यायचे नाहीत. आता निम्मे या वर्षी येतात, निम्मे पुढच्या वर्षी. मशीन तीच, माणसं तीच, परत कुणी जात नाही. आणखी अकरा मशीन घेतली असती तर जूननंतर त्यांच्यावर मांजरं बसली असती. सर, मी मशीन नाही वाढवली. मी मे महिना वाढवला."

दुसऱ्या प्राध्यापक बाईंनी पेन खाली ठेवलं. सरांनी ती पँट ओढून घेतली, चष्मा वर केला आणि मुडप बोटांनी मोजायला लागले. मग हसले. "हे तुमच्या अहवालात एवढं स्पष्ट का लिहिलेलं नाही?"

अहवाल मी लिहिला होता. अक्का म्हणाली, "अहवाल छान आहे सर. वरची बाजू आहे ती."

त्या प्रकल्पात सगळ्या वर्गातली सर्वोत्तम श्रेणी तिलाच मिळाली. आज कुणी मला विचारलं की त्या विद्यापीठात तू काय मिळवलंस, तर पदवीच्या आधी मी हे सांगतो: मी त्या खोलीत होतो. छाती फुगवून सांगतो. फक्त ती परीक्षा कशामुळे झाली हे सांगत नाही. नव्हतो सांगत.

बाहेर आल्यावर नवीन स्कूटर काढायला गेला. अक्का कॉरिडॉरच्या कठड्याला टेकून उभी होती.

"पुणेकर, नवीननं असं का लिहिलं असेल रे?"

गटात आम्ही तिघंच. मी नाही, तर तो. आणि मी असेन हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. "तू तर आपला," ती पुढे म्हणाली, प्रश्नही न करता.

मी म्हणालो, "जाऊ दे अक्का."

एवढंच. खोटं बोललो नाही, असं मी पुढे बारा वर्षं स्वतःला सांगत आलो. त्या तीन ओळी मत्सराच्या होत्या; मत्सर माणसाला होतो. पण हे तीन शब्द मी पूर्ण शुद्धीत, तिच्या डोळ्यांत बघून बोललो.

पुढच्या शनिवारी अक्का बसनं आली. त्यानंतर कायमच बसनं. नवीन दोन-तीन आठवडे तिच्या गल्लीच्या तोंडाशी स्कूटर घेऊन थांबायचा, मग थांबेनासा झाला. एकदा त्यानं मला विचारलं, "अक्का माझ्यावर का चिडलीय? माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, कामात असेल.

पदवीदानाला आम्हाला भाड्याचे काळे झगे दिले होते. अक्कानं तो घालायच्या आधी अर्थातच उलटा करून पाहिला. "शी! दोऱ्याचा ताण किती सैल. संध्याकाळपर्यंत उसवेल." पदराच्या आत टोचलेली सुई तिच्याकडे कायम असायची. माझ्या झग्याची बाही काखेत उसवली होती. हात वर करायला लावून, उभ्याउभ्याच तिनं धावदोरा घातला. दात लावून दोरा तोडला. पाच रांगा पुढे नवीन उभा होता, त्याच्या झग्याची खालची शिवण सुटून मागे लोंबत होती. तिनं ती पाहिली. तिच्या नजरेतून असली गोष्ट सुटणं शक्यच नव्हतं. सुई बोटांत धरून ती जरा वेळ तशीच बघत राहिली, आणि मग सुई पुन्हा पदरात टोचून टाकली.

मी दुरुस्त केलेल्या बाहीनं पदवी घेतली.

त्यानंतर नवीन बदली घेऊन म्हैसूरला गेला. अक्काचे-माझे फोन चालू राहिले. तिनं मशीन अकराच ठेवली, पण आसपासच्या आठ-दहा शिंप्यांना जोडून त्यांच्या मे महिन्याची वाटणी करून दिली. कुणाकडे कुठली शाळा, कुठली इयत्ता कुठल्या वर्षी. सरांनी त्यावर पाठ्यप्रकरण लिहिलं. आता ते प्रकरण विद्यापीठात शिकवतात, आणि वर्षातून एकदा शिकवायला तिलाच बोलावतात. मुलीच्या लग्नात तिनं मला घरच्या माणसासारखं राबवलं. नवीनला आमंत्रण नव्हतं. मी विचारलंही नाही.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "शनिवारी माझा वर्ग आहे. ये. मागे बस. आणि माझं इंग्रजी दुरुस्त करू नकोस."

मी गेलो. तेच आवार, तीच खोली नव्हे पण तसलीच. केस पांढरे झालेली अक्का, गळ्यात टेप, यावेळी मुद्दाम. समोर विशी-पंचविशीची साठ मुलं. तिनं पँट उलटी केली आणि म्हणाली, "सांगा, यात किती महिने आहेत?" मुलं चक्रावली, मग हसली, मग भांडायला लागली. दीड तास तिनं त्यांना खुर्चीत नीट बसू दिलं नाही. शेजारचा मुलगा मला म्हणाला, "सर, तुम्ही यांना ओळखता?" मी म्हणालो, "मी यांच्या गटात होतो." अभिमानानंच म्हणालो. तो मान डोलावून वळला, आणि माझं तोंड कडू झालं.

मधल्या सुट्टीच्या आधी एका मुलीनं विचारलं, "मॅम, आमच्या गटात एकजण काहीच करत नाही. त्याच्याबद्दल त्या गुप्त कागदावर लिहावं का?"

"लिही की," अक्का म्हणाली. "पण आधी त्याला वाचून दाखव. तोंडावर वाचता येत असेल तेवढंच लिही." मग टेबलावरची पँट सरळ करत, जरा हळू, "माझ्याबद्दल एकानं लिहिलं होतं. मला वाचून दाखवलं असतं तर मी कॉफी पाजून म्हटलं असतं, बाबा, इंग्रजी कच्चं आहे खरं. आज तो माझ्या घरात असता."

कँटीनमध्ये ती कॉफी घेऊन माझ्यासमोर बसली. मी म्हणालो, "अक्का, तो कागद नवीनचा नव्हता. माझा होता."

तिनं पेला तोंडाशी नेला होता, तो तिथेच राहिला. मग खाली ठेवला.

"काय लिहिलं होतंस? शब्द सांग."

मी सांगितले. सगळे पाठ होते. ती मला कॉलरपासून बुटांपर्यंत बघत होती, माप घेताना बघते तशी. बारा वर्षांत पहिल्यांदा.

"इंग्रजी कच्चं, हे खरं. माहिती घरची, हेही खरं. ओढत आणलं, हे खोटं." दोन बोटं टेबलावर चालत होती. "त्या परीक्षेनं माझं बरंच झालं रे. त्याबद्दल मी तुला काही म्हणत नाही. पण मी तुला विचारलं होतं. आणि तू म्हणालास, जाऊ दे."

तिला ते शब्द आठवत होते. मी काहीतरी बोलायला गेलो, माफी वगैरे.

"माझ्याकडे काय बघतोस? स्कूटर घेऊन कोण थांबत होतं गल्लीत? फोन लाव. आत्ता. मी बसलेय."

नंबर माझ्याकडे होता. दिवाळीला शुभेच्छा पाठवायचो. नवीननं उचलला, आनंदानं ओरडला. मी त्याला सगळं सांगितलं, क्रमानं, पहिल्या ओळीपासून 'कामात असेल'पर्यंत. त्यानं एकच विचारलं, "अक्का आहे तिथं?"

मी फोन तिच्या हातात दिला.

"नवीना," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं कानडीत. इतकी वर्षं या गावात राहून माझं कानडी दुकानापुरतंच. मला एक शब्द कळला नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतंही. ती उठून व्हरांड्यात गेली. पाठमोरी उभी. एकदा जोरात हसली, मग पदर डोळ्यांना लावला, मग स्कूटरवर शिव्या घालायची तसल्या आवाजात त्याला काहीतरी झापलं. घंटा झाली. मुलं वर्गात शिरायला लागली, आणि ती तशीच, फोन कानाला, उजव्या हाताची दोन बोटं हवेत कापत त्यांच्यातून आत गेली.

मी दारापर्यंत गेलो. फोन हवा होता, शिवाय माझी जागा आत मागच्या रांगेत होती. तिनं मला पाहिलं. फोनवर हात ठेवून म्हणाली, "पुणेकर, तू स्वल्प बाहेर बस. माझं बोलणं व्हायचंय."

दार लागलं. मी बाहेरच्या बाकावर बसलो.